पासवर्ड तिचा बरोबरच होता

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर लॅब आणि मुलांना दिलेले लॅपटॉप सांभाळते. त्या रविवारी कळव्याहून नववीतल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. मागून मुलीच्या मुसमुसण्याचा आवाज येत होता.

"मॅडम, ही पासवर्ड विसरलीय आणि कबूलच करत नाहीये. उद्या प्रेझेंटेशन आहे. हिचे बाबा जाम चिडलेत."

बाबांनी तोवर इंटरनेटवाल्याला बोलावून राऊटर रीसेट करून घेतला होता, वायफायचा पासवर्डही बदलला होता. त्यामुळे टीव्ही आणि आजींचा मोबाइलही बंद पडले होते. लॅपटॉप मात्र होता तिथेच अडलेला.

मी स्क्रीनचा फोटो मागवला. घरोघरी सगळे "लॉगिन होत नाहीये" एवढंच सांगतात, पण खरं काय ते त्या पडद्यावरच्या दोन ओळींत असतं आणि नेमक्या त्याच कुणी वाचत नाही. फोटोत पासवर्ड चुकल्याचं कुठेही लिहिलेलं नव्हतं. डोमेन (म्हणजे शाळेतले सगळे लॅपटॉप आणि खाती एकत्र सांभाळणारी व्यवस्था) उपलब्ध नाही, लॅपटॉप संस्थेच्या नेटवर्कला जोडा, असं लिहिलं होतं. या लॅपटॉपवर आधी दुसऱ्या खात्याने लॉगिन केलं असेल तर ते वापरा, असंही पुढे होतं. खाली कोपऱ्यात वायफाय व्यवस्थित जोडलेलं दिसत होतं.

"ताई, तुमच्या मोबाइलवर शाळेचा मेल उघडा आणि तिलाच पासवर्ड टाकू द्या," मी म्हटलं. आमच्याकडे मेलला आणि लॅपटॉपला एकच पासवर्ड चालतो. मेल लगेच उघडला. मग मी फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला, कारण पुढचं वाक्य बाबांनी ऐकायला हवं होतं. "पासवर्ड बरोबर आहे. तिचं काहीही चुकलेलं नाही."

पलीकडे कुणी काही बोललं नाही. मग मुलीचाच आवाज आला, "मॅडम, हा माझा लॅपटॉप नाहीये. माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला म्हणून शुक्रवारी ऑफिसमधून हा दिला."

इथे गाठ सुटली. आमचे लॅपटॉप विंडोजचे आणि शाळेच्या डोमेनला जोडलेले. पासवर्ड खरा की खोटा हे ठरवणारा सर्व्हर शाळेच्या इमारतीत असतो आणि तो इंटरनेटवर उघडा ठेवलेला नाही, ठेवूही नये. घरचं वायफाय कितीही वेगवान असलं तरी लॅपटॉप तिथवर पोचत नाही. तरीही मुलं एरवी घरी लॉगिन करू शकतात, कारण ज्याने त्या लॅपटॉपवर शाळेत एकदा लॉगिन केलंय त्याची पडताळणीची नोंद लॅपटॉप स्वतःजवळ ठेवतो. मूळ सेटिंगमध्ये अशा शेवटच्या 10 जणांच्या नोंदी राहतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन ओळखीच्या माणसाला थेट सोडतो आणि नवख्यासाठी इंटरकॉम लावतो, तसंच हे. फक्त कळव्यात इंटरकॉम लागत नव्हता. आधी ज्या मुलाकडे हा लॅपटॉप होता त्याचं लॉगिन तिथे आरामात झालं असतं. हिने त्याला शाळेत हातच लावला नव्हता. सुट्टीच्या घाईत कपाटातून काढला आणि तिच्या दप्तरात गेला.

लॉगिनच्या आधीच व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून शाळेच्या नेटवर्कपर्यंत नेणारी सुरक्षित वाट, जोडण्याची सोय असती तर घरबसल्या काम झालं असतं. आमच्याकडे तेव्हा ती नव्हती. मग शाळा उघडणं हाच उपाय उरला. रेल्वेचा मेगाब्लॉक होता, म्हणून बाप-लेक रिक्षाने कळव्याचा पूल ओलांडून आले. वॉचमन काकांनी लॅब उघडून दिली. मी लॅपटॉपला लॅन केबल लावली आणि तिला बसवलं. तिने एकेक अक्षर जपून दाबलं, एंटर केलं, आणि तिचं नाव पडद्यावर आलं. डेस्कटॉप तयार होईपर्यंत मी थांबले; पहिल्या वेळी त्याला वेळ लागतोच. तेवढ्यावर मी त्यांना सोडलं नाही. केबल काढली, वायफाय बंद केलं, लॅपटॉप रीस्टार्ट करून तिला पुन्हा लॉगिन करायला लावलं. नेटवर्क नसतानाही आत गेली, तेव्हाच लॅपटॉप दप्तरात ठेवू दिला.

बाबा दारापाशी उभे होते. लेकीला म्हणाले, "सकाळी उगाच ओरडलो गं तुझ्यावर." ती काही बोलली नाही, पण दप्तर त्यांच्याकडे दिलं. मला ते फार बरं वाटलं. मोठी माणसं मुलांशी असं सहसा बोलत नाहीत. यंत्र अडलं की घरात पहिला संशय लेकरावर जातो, आणि हे मी इतक्या घरांत पाहिलंय की मला त्याचा राग येतो.

सोमवारी मी मुख्याध्यापिकांशी बोलले. आता बदली लॅपटॉप ऑफिसमधून परस्पर जात नाही. मूल लॅबमध्ये येतं, केबलवर लॉगिन करतं, मग केबल काढून पुन्हा करतं, आणि त्यानंतरच रजिस्टरमध्ये सही होते. व्हीपीएनचा अर्जही मी त्याच दिवशी दिला.