अजगराचे पिल्लू खात नाही तेव्हा

रॉयल पायथनचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिली कात टाकेपर्यंत सहसा काहीच खात नाही, आणि त्यानंतरही ते खाईलच याची खात्री नसते. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला हा लहान चणीचा अजगर आम्ही राहतो त्या इंग्लंडमध्ये हौसेने पाळला जातो. अमेरिकेत त्याला बॉल पायथन म्हणतात. (भारतातले नाग, धामण, अजगर पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी यातून भलती प्रेरणा घेऊ नये.) स्वभावाने हा साप शांत, पण खाण्याच्या बाबतीत कमालीचा लहरी. मुलीने आणलेल्या पिल्लाने भक्ष्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, तेव्हा ते आजारी असावे असे घरात सर्वांचे मत पडले. माझे म्हणणे असे, की आधी पेटी तपासावी आणि मग साप.

रानात हा साप उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो. त्यामुळे लख्ख उजेडाची मोठी काचेची पेटी आपल्याला ऐसपैस वाटली, तरी त्याला ती उघड्या माळरानासारखी असते. अंग चहूबाजूंनी टेकेल इतकी अरुंद लपायची जागा पेटीच्या उबदार आणि थंड अशा दोन्ही टोकांना हवी; नाहीतर ऊब आणि आडोसा यांपैकी एकच त्याच्या वाट्याला येते. उबदार टोकाला सुमारे 31 ते 32 अंश सेल्सियस आणि थंड टोकाला 25 ते 26 अंश तापमान असावे. सापाचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते, आणि पुरेशी ऊब नसेल तर गिळलेले भक्ष्य पोटात कुजू लागून ओकून टाकावे लागते. म्हणून गारठलेल्या सापाने खाणे नाकारले तर त्यात शहाणपणच आहे. थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर विसंबून न राहता तापमापकाचे टोक आडोशाच्या आत, जमिनीला टेकवून पाहावे.

भक्ष्य म्हणजे गोठवलेली उंदराची पिल्ले. जिवंत उंदीर सापालाच चावून जखमी करू शकतो, म्हणून तो देऊ नये. (ओल्या खोबऱ्याशेजारी उंदीर ठेवायला मी साफ नकार दिल्यामुळे आमच्याकडे एक वेगळा छोटा फ्रीझर आला.) रात्रभर फ्रिजमध्ये वितळलेले भक्ष्य पिशवीत घालून गरम पाण्यात धरावे, मायक्रोवेव्हमध्ये ते कुठे शिजते तर कुठे गारच राहते. या सापाच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे भक्ष्याचे डोके विशेष कोमट हवे, साधारण 38 अंश. संध्याकाळी दिवे मंद करून ते लांब चिमट्याने आडोशाच्या तोंडाशी धरावे. इच्छा असेल तर जीभ संथ लयीत आतबाहेर होऊ लागते, मान मागे ओढली जाऊन तिला वळण पडते आणि मग झडप येते. त्याने डोके वेटोळ्यात लपवले, तर मात्र चिमटा मुकाट्याने बाजूला घ्यावा आणि पाच ते सात दिवस काहीच देऊ नये. रोज नाकासमोर उंदीर नाचवल्याने भूक वाढत नाही, धास्ती वाढते. या काळात त्याला हातातही घेऊ नये, हे लहान मुलांना पटवणे सर्वांत कठीण. डोळे दुधाळ दिसत असतील, तर कात जवळ आली आहे एवढेच समजून थांबावे.

माझी आई फोनवर म्हणाली, "अगं, उपासच करतोय ना, करू दे की." तिचे म्हणणे बरोबरच होते, पण उपासावर नजर ठेवावी लागते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यासारखा एक काटा वेगळा ठेवून दर आठवड्याला, पेटी साफ करतानाच, वजन टिपावे. वजन दहा टक्क्यांनी घटले, श्वासाला घरघर येऊ लागली किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. घशात बळेच भक्ष्य कोंबण्याचा उद्योग घरी करू नये, त्याने पिल्लाचे तोंड आणि घसा जखमी होतो.

आम्ही पेटीच्या तीन बाजू काळ्या कागदाने झाकल्या, आडोसा लहान केला आणि विक्रेत्याकडे चौकशी करून पिल्लाला सवयीची असलेली भक्ष्याची जातच आणली, कारण मोठ्या जातीच्या उंदराच्या (रॅट) पिल्लावर वाढलेला साप लहान जातीच्या उंदराला (माउस) तोंड लावत नाही, असेही होते. काही आठवड्यांनी त्याने एका संध्याकाळी भक्ष्य ओढून आत नेले. पुढचे दोन दिवस पेटीचे झाकण उघडायचे नाही, अशी चिठ्ठी मुलीने स्वतःच त्यावर चिकटवली.