एक मोठं तिकीट

तिकीट खिडकीतला माणूस मान खाली ठेवूनच विचारतो, "लहान किती, मोठे किती?" मी म्हणते, "एक मोठं." मग तो मान वर करतो. चिंचवडच्या सायन्स पार्कात हे इतक्यांदा झालंय की मला आता सवय व्हायला हवी होती. आत गेलं की एखादी स्वयंसेवक मुलगी अगदी प्रेमाने म्हणते, "काकू, तुमची मुलं मागे राहिली का?" घरी आलं की जाऊबाई आहेतच. भिशीतल्या बायका आहेत. "मुलगा बंगळूरला, नातवंडं नाहीत, तुम्ही पडलात कॉमर्सच्या. मग तिथे एकट्याच कशाला जाता?"

आजवर "आवडतं मला" म्हणून मी विषय मिटवत आले. ते उत्तर पुरत नाही हे मलाही कळतं आणि विचारणाऱ्यालाही, म्हणून पुढच्या वेळी प्रश्न पुन्हा येतो. आता तुम्हीही तेच विचारलंत, की या वयात एकटीच विज्ञान बघायला का जाता, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी थोडं रागाचं. कीर्तनाला बाई एकटी गेली, साड्यांच्या प्रदर्शनाला गेली, सवाईला शाल गुंडाळून गाणं ऐकत तासन्तास बसली, तर तिला कुणी विचारत नाही की मुलं कुठे आहेत. विज्ञानाचं काही असलं की ते पोरासोरांचं, असं आपण ठरवूनच टाकलंय. २८ फेब्रुवारीला, रामन यांनी १९२८ साली ज्या दिवशी आपला शोध लावला त्या दिवशी, आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेचं आवार सगळ्यांना खुलं असतं. तिथल्या रांगेत नीट बघा. आईवडील मुलांना पुढे सारतात आणि स्वतः दप्तरं, पाण्याच्या बाटल्या सांभाळत मागे थांबतात. प्रयोग दाखवणारा उत्साहाने बोलत असतो, आणि मोठी माणसं त्याच्याकडे न बघता आपलं मूल बघतंय का, हे बघत असतात. मीही कित्येक वर्षं हेच केलं.

आता मी वेगळं करते. एकाच गोष्टीपाशी थांबते. आयुकात फुकोचा लंबक आहे. फुको या फ्रेंच माणसाने १८५१ साली पॅरिसमध्ये लांब तारेला जड गोळा टांगून पृथ्वी फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं, तोच हा प्रयोग. लंबक आपल्या रेषेत झुलत राहतो आणि खालची जमीन वळत जाते, त्यामुळे आपल्याला वाटतं की लंबकाचीच रेषा वळतेय. ध्रुवावर ही रेषा दिवसात एक पूर्ण फेरी मारते, विषुववृत्तावर वळतच नाही. पुणं साडेअठरा अंश अक्षांशावर, त्यामुळे इथे एका फेरीला तीन दिवसांहून जास्त, साधारण ७५ तास लागतात. म्हणजे तासाला पाच अंशसुद्धा नाहीत. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा सरकतो, तेवढीही ही रेषा तासाभरात वळत नाही. लोक येतात, दोन हेलकावे बघतात, फोटो काढतात, जातात. दोन हेलकाव्यांत त्यात दिसण्यासारखं काही नसतंच. मी एकदा खाली एक खूण मनात धरून पाऊण तास उभी राहिले. रेषा सरकली होती. थोडीच, पण सरकली होती. घरी येऊन हे सांगितल्यावर यजमान "बरं" म्हणाले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

पण एवढ्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. थांबायला मी उशिरा शिकले, आणि का शिकले ते सांगायला मला जड जातं.

२००६ सालची गोष्ट. २८ फेब्रुवारी, मंगळवार. एका संस्थेच्या मैदानावर संध्याकाळी दुर्बिणीतून शनी दाखवणार होते. अमावास्या असल्यामुळे आकाश छान काळं होतं आणि शनी अंधार पडतानाच वर आलेला होता. मी पोस्टात काउंटरवर होते तेव्हा. अर्धी रजा टाकली, तिसरीतल्या मुलाला शाळेतून परस्पर उचललं आणि स्कूटीवर घालून घेऊन गेले. रांग मैदानाला वळसा घालून रस्त्यापर्यंत आलेली. दोन तास उभे होतो. त्याने बिस्किटाचा पुडा संपवला, एकदा रडून झालं, एकदा माझ्या पिशवीवर बसून झालं. दुसऱ्या दिवशी त्याची चाचणी होती. मी त्याला सांगत होते, "बघशील तू, जन्मभर लक्षात राहील."

आमचा नंबर आला. दुर्बीण साधी होती, हाताने फिरवायची. आयपीसखाली, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाखाली, एक निळं प्लास्टिकचं स्टूल होतं. तो चढला आणि तोल सावरायला त्याने आयपीसच धरलं. "हात लावू नकोस," स्वयंसेवक म्हणाला. त्याने हात काढला, एक डोळा हाताने झाकला, दुसरा लावला. मागून आवाज आले, "चला हो, पुढे चला." स्वयंसेवकाचाही घसा बसलेला, "पटकन, बाळा, पटकन." आणि मी म्हणाले, "दिसलं ना? कडं दिसलं ना?"

"हो," तो म्हणाला.

"दिसलं ना छान?"

"हो."

तो उतरला. स्वयंसेवकाने वाकून आत बघितलं, नळी जराशी सरकवली, मग मला म्हणाला, "या, मॅडम." मी डोळा लावला आणि शनी होता. अंगठीच्या खड्यासारखा, कड्यासकट, इतका स्वच्छ की मला वाटलं आत कुणीतरी चित्र चिकटवलंय. चारपाच सेकंद मिळाले. मी तृप्त होऊन घरी आले. मुलाने दुसऱ्या दिवशी वहीत पिवळा शनी काढला, कडं करकटकाने आखलं, बाईंनी खाली "छान" लिहिलं. ते पान मी फाडून फ्रिजवर लावलं. पुढे फ्रिज बदलला तेव्हा ते कपाटातल्या फाइलमध्ये गेलं.

मग डिसेंबर २०२०. घरून काम चालू असल्यामुळे मुलगा पुण्यातच होता. २१ तारखेला गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले होते की दोघांमध्ये अंशाचा जेमतेम दहावा भाग अंतर होतं. सोसायटीतल्या एकांनी गच्चीवर छोटी दुर्बीण लावली होती. मास्क लावून आम्ही पाचसहा जण. रांग नाही, घाई नाही, फक्त दोन्ही ग्रह लवकर मावळणार होते. मुलगा वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, "अच्छा. असं दिसतं होय कडं."

मी म्हटलं, "असं म्हणजे? तू बघितलंयस की."

"नाही गं. तेव्हा सगळं काळं होतं."

"मग हो का म्हणालास?"

त्याने डोळा काढला नाही. म्हणाला, "तू कसं विचारलं होतंस ते आठव ना."

मला आठवतं. मी विचारलं नव्हतं, मी उत्तर देऊन टाकलं होतं. त्याला फक्त मान हलवायची होती.

नंतर मी बसून हिशेब केला. पृथ्वी तासाला १५ अंश वळते, म्हणजे दोन मिनिटांत अर्धा अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं आकाश सरकतं. दुर्बीण जास्त मोठं दाखवणारी असेल तर तिच्यात एकूण आकाशच अर्धा अंश मावतं. मोटर नसलेल्या दुर्बिणीत मधोमध लावलेला ग्रह एका मिनिटात कडेबाहेर जातो. शिवाय पोराने आयपीसला हात लावलेला. शनी आत नव्हताच. आणि मला सगळ्यात लागतं ते हे: तो उतरल्यावर नळी सरकवलेली मी स्वतः पाहिली होती. नळी का सरकवावी लागली असेल, हा विचार मला तिथे उभ्या उभ्या सुचायला हवा होता. "अहो, याला पुन्हा एकदा बघू द्या," एवढं म्हणायला हवं होतं. मला माझा नंबर लागल्याची घाई होती.

तेव्हाच्या त्या बाईची, म्हणजे माझीच, बाजू मी अनेकदा घेते. मागे दोनअडीचशे माणसं होती, तिला घरी जाऊन कुकर लावायचा होता, मुलाची चाचणी होती. आणि काउंटरवर बसणाऱ्या माणसाला खोळंबलेली रांग बघवत नाही. "पुढचे या" हे शब्द तिने दिवसातून शेकडो वेळा उच्चारलेले होते. त्या स्वयंसेवकालाही मी दोष देत नाही, तो संध्याकाळपासून उभा होता. पण हे सगळं बोलून झालं की आठ वर्षांचा मुलगा काळ्या गोलाकडे बघून "हो" म्हणतोय, तो तसाच समोर उभा राहतो.

मुलगा म्हणतो मी याचा फार बाऊ करते. तो काही शास्त्रज्ञ व्हायचा राहिला नाही, मालवाहतुकीच्या कंपनीत आहे, सुखात आहे. एकदा फोनवर म्हणाला, "आई, मला तसंही त्यातलं काही आवडायचं नाही. तुला जायचं असायचं. मी होतो म्हणून तुला जाता यायचं." हे ऐकून मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही. पण खरं असेल ते. सासूबाईंना "पोराला दाखवून आणते" म्हणता यायचं, "मला बघायचंय" म्हणता येत नव्हतं. म्हणजे तुम्ही ज्याला आज नवल म्हणता, ते मी तेव्हाही करत होते. आता फक्त तिकीट एक लागतं.

मग मी जाते ती स्वतःच्या आवडीने, की त्या रात्रीची भरपाई म्हणून? कधी हे वाटतं, कधी ते. खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या विज्ञान प्रदर्शनात गेले होते. बाहेर ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या, अशा एकूण ३० आहेत त्या परिसरात, आणि मांडवात आसपासच्या शाळांची मुलं आपापली मॉडेल घेऊन उभी. एका मुलीने इंजेक्शनच्या सिरिंजांची जेसीबी केली होती. पाठ केलेलं सगळं तिने एका दमात म्हणून दाखवलं. मी विचारलं, "ही जाड सिरिंज आणि ही बारीक, अदलाबदल केली तर?" ती गप्प झाली. मी काहीच बोलले नाही. तिने शेजारच्या बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग खरंच नळ्या काढल्या आणि उलट जोडल्या. पाणी सांडलं, टेबलावरचा कागद भिजला. तिने जाड सिरिंज दाबून बघितली. म्हणाली, "आता लई जोर लावायला लागतोय." मग लगेच, "पण जेसीबीचा हात जास्त वर जातोय." मला इतका आनंद झाला की मी तिच्या बाईंना शोधून तो सांगितला. त्या भिजलेल्या कागदाकडे बघत होत्या.

आणि तरी गेल्या हिवाळ्यातलं हे. दुर्बिणीतून गुरू ग्रह दाखवत होते. माझा नंबर आला, डोळा लावला, आत नुसता काळोख. "दिसलं, काकू?" मी म्हटलं, "नाही. सरकलाय, परत लावून द्या." त्याने लावून दिला. मी सावकाश बघितलं, एका ओळीत चार चंद्र मोजले, दोन पट्टे शोधले. मागे कुणीतरी जोरात सुस्कारा टाकला. मी हलले नाही. मग बाजूला झाले तेव्हा माझ्यामागची पाचसहा वर्षांची मुलगी स्टुलावर चढली. मी घेतलेला वेळ धरला तर गुरू एव्हाना कडेपर्यंत गेलेला असणार. स्वयंसेवक पुढच्या माणसाशी बोलत होता. तिची आई म्हणाली, "दिसलं ना गं?"

मुलगी म्हणाली, "हो."

मी दोन पावलांवर होते. तोंड उघडलंही होतं. तोवर आईने तिला उचलून खाली घेतलं, आणि रांग पुढे सरकली.