सारखी पाच

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. शाळेच्या इमारतीमागचे भाजीचे वाफे आणि वर्षातून एकदा हॉलमध्ये भरणारं भाजीपाला प्रदर्शन, एवढंच. प्रदर्शनासाठी भाजी पिकवायचा नाद मला तिथे लागला आणि तो आजतागायत सुटलेला नाही.

बागकामाचे सर बी हातात देण्याआधी नियमपत्रक वाचायला लावायचे. ‘टोमॅटो, पाच, देठासह’ असं छापलेलं असेल तर पाचच. सहावा कितीही देखणा असला तरी तो ताटलीत ठेवला की प्रवेशिका बाद. देठ निघालेला असेल तर गुण गेले. पण खरी मेख त्या ‘पाच’मध्ये असते, हे आम्हाला हळूहळू कळलं. एखादं झाड एखादं अप्रतिम फळ देऊन जातं. एकाच आकाराची, एकाच रंगाची, एकाच दिवशी सारखी पिकलेली पाच फळं मात्र आपोआप मिळत नाहीत. त्यासाठी लागवड जास्त लागते, पाण्याच्या पाळ्या सांभाळाव्या लागतात आणि सगळ्यात जास्त लागते ती नजर.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सर बीट ओळीने मांडायचे आणि एकेकाला बोलवून विचारायचे, ‘यातलं कोणतं काढशील?’ आमचा हात लहान बीटकडे जायचा. सर मात्र बहुतेक वेळा सगळ्यात मोठं बीट उचलून बाजूला ठेवायचे. त्या एकामुळे बाकीची चार खुजी दिसतात, हे तेव्हा आमच्या लक्षात यायचं. परीक्षक आधी दोन पावलं मागे उभा राहून पूर्ण ताटली बघतो, मग जवळ येतो. आम्हीही तसंच बघायला शिकलो.

माझं प्रेम गाजरावर बसलं. लांब, सरळ, शेवटच्या बारीक शेपटापर्यंत अखंड गाजर काढणं ही मला आजही भाजीपाल्यातली सर्वांत अवघड परीक्षा वाटते. वाढणाऱ्या मुळाच्या वाटेत खडा किंवा ढेकूळ आलं, किंवा मातीत ताजं शेणखत असलं, की त्याला फाटे फुटतात. म्हणून सर उंच पिंपात वाळू भरून घ्यायचे, तिच्यात पहार गोल फिरवून निमुळती खोल भोकं पाडायचे आणि त्यांत चाळलेली माती व पूर्ण कुजलेलं खत भरायला सांगायचे. प्रत्येक भोकात तीन-चार बिया टाकायच्या, रोपं वर आली की त्यातलं एकच ठेवायचं. ही विरळणी जिवावर यायची. डोकं मातीबाहेर आलं तर ऊन लागून ते हिरवं पडतं, म्हणून मधूनमधून माती लावत राहायचं. काढताना आधी भरपूर पाणी द्यायचं आणि पाला धरून कधीही ओढायचं नाही. धुवायचं ओल्या स्पंजने, आणि तेही आडवं, गाजराभोवती फिरवत. उभं घासलं तर सालीवर लांब ओरखडे उठतात आणि परीक्षकाला ते लगेच दिसतात.

कांद्याने मला विज्ञान शिकवलं. पात जोमदार असूनही कांदा पोसत का नाही, या माझ्या प्रश्नाचं उत्तर दिवसाच्या लांबीत होतं. कांद्याच्या काही जातींना गड्डा धरायला ११-१२ तासांचा दिवस पुरतो, काहींना १४ तासांहून मोठा लागतो. चुकीची जात निवडली की पातच वाढत राहते. दिवसाची लांबी वनस्पतीच्या वाढीचं वेळापत्रक ठरवते, हे गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडलं. ते पाठ्यपुस्तकात पुढे आलं, माझ्या वाफ्यात त्याआधी. जोडकांदा, डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा आलेला कांदा आणि जाड मानेचा कांदा प्रदर्शनाला चालत नाही. पात मानेशी वाकून आडवी पडल्यावर कांदा काढून सावलीत सुकवायचा, सुटलेला पापुद्रा तेवढा काढायचा. चमक यावी म्हणून आणखी एक पदर सोलायचा मोह आवरावा लागतो. एक कांदा पांढरट झाला की त्याच्या शेजारचे चार वाया गेले.

बाकीच्या भाज्यांचंही प्रत्येकीचं काहीतरी असतंच. फ्लॉवरचा गड्डा उन्हात पिवळा पडतो, म्हणून त्यावर त्याचीच पानं वळवून बांधायची. वांग्याची चकाकी गेली की आतलं बी जून झालं. वाटाण्याच्या शेंगेवर मेणासारखा पांढुरका थर असतो, तो बोटांनी पुसला जाऊ नये म्हणून शेंग कात्रीने कापायची आणि देठालाच धरायची. उजेडासमोर धरली की आत दाणे किती भरलेत तेही दिसतं. टोमॅटोला एकदा कोरडं ठेवून मग भरमसाट पाणी दिलं तर तो तडकतो.

राक्षसी भाज्यांचं आकर्षण मलाही आहे. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे एका लाल भोपळ्याचं वजन १,२४७ किलो भरलं, तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. त्यामागची मेहनत अफाट आहे. तरीही पाच सारख्या शेंगांची ताटली मला जास्त भारी वाटते, कारण तिथे निकाल काट्यावर लागत नाही, ती माणसाला बघावी लागते. ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकाम संस्थेच्या पद्धतीत तर अवघड भाजीला जास्तीत जास्त गुणच अधिक ठेवलेले असतात. लांब गाजराला २०, गोल बीटला १५. आमच्या सरांचं गाजराबद्दलचं मत याहून वेगळं नव्हतं.

परीक्षण चालू असताना सर आम्हाला दाराशी उभं राहून बघू द्यायचे. परीक्षक घेवड्याची शेंग मोडून तिचा आवाज ऐकायचे, बीट कापून आत पांढरी वलयं आहेत का ते पाहायचे. स्वतः पिकवलेलं बीट डोळ्यांदेखत कापलं जाताना पोटात गोळा यायचा, पण आतून एकसंध गडद रंग निघाला की झालेला आनंद बक्षिसापेक्षा मोठा असायचा. निकालानंतर सर विजेत्या ताटलीपुढे उभं करायचे आणि ती का जिंकली ते आमच्याकडून वदवून घ्यायचे. पहिलं बक्षीस मिळालेल्यालाही दुसऱ्याच्या ताटलीत काय चांगलं होतं, ते सांगावंच लागे.

महोत्सवाच्या सांगता समारंभात एक टेबल भाजीपाल्याला मिळावं, अशी माझी समितीला विनंती आहे. गट मोजकेच ठेवू या: पाच टोमॅटो, तीन कांदे, तीन गाजरं आणि पाचवी-सहावीच्या मुलांसाठी मुळा, कारण तो महिन्याभरात तयार होतो. गाजराला मात्र किमान तीन महिने हवेत, तेव्हा तारीख लवकर कळवा. पिंपं, चाळण्या आणि बी मी घेऊन येते.