नवा डीसी उभा राहिला, पण सिसव्हॉल येईना

सकाळी पहिला फोन आला: "लॉगिन होतंय, पण शेअर्ड फोल्डर उघडत नाही." विंडोज मशीनवर जपून ठेवलेल्या जुन्या लॉगिनवर लोक आत शिरत होते, एवढंच. मुख्य डोमेन कंट्रोलरचे (डीसी, म्हणजे नेटवर्कवरचे लॉगिन तपासणारा सर्व्हर) रेडमधले, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचातले, दोन डिस्क एकदम गेले होते. दुसरा डीसी मात्र चालू होता.

पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच डीसीकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) गेलेल्या सर्व्हरवर होते. ट्रान्सफर करायला तो जिवंत हवा, त्यामुळे एनटीडीएसयूटिल या टूलने सीझ करावे लागले, म्हणजे जबरदस्तीने दुसऱ्या डीसीकडे घ्यावे लागले. सीझ केल्यावर जुना सर्व्हर पुन्हा नेटवर्कवर आणायचाच नाही, म्हणून त्याची केबल मी आधीच काढून ठेवली. मग मेटाडेटा क्लीनअप केलं (डिरेक्टरीतली जुन्या सर्व्हरची नोंद काढली), डीएनएसमधल्या त्याच्या उरलेल्या नोंदी हाताने काढल्या आणि विंडोज सर्व्हर २०१९ वर नवा डीसी प्रमोट केला, म्हणजे त्या सर्व्हरला डीसी बनवलं. आयपी जुनाच ठेवला, कारण सगळ्या क्लायंटच्या डीएनएसमध्ये तोच होता.

डीसींमधलं रेप्लिकेशन (डेटाची देवाणघेवाण) तपासणाऱ्या रेपॲडमिनमध्ये एकही एरर नाही. युजर, ग्रुप सगळे आले. पण शेअर्ड फोल्डरची यादी दाखवणारं 'नेट शेअर' मारलं तर सिसव्हॉल (ग्रुप पॉलिसीच्या फाइल ठेवणारं, सगळ्या डीसींवर सारखं राहणारं फोल्डर) नाही, नेटलॉगॉनही (लॉगिन स्क्रिप्टचं फोल्डर) नाही. इव्हेंट ४६१४ सांगत होता की पहिलं सिंक व्हायचंय. होईल म्हणून मी अर्धा दिवस थांबलो. तो अर्धा दिवस वाया गेला, कारण ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं (युजर, ग्रुपच्या नोंदींचं) रेप्लिकेशन आणि सिसव्हॉलच्या फाइल नेणारं डीएफएसआर या दोन वेगळ्या वाटा आहेत. रेपॲडमिन फक्त पहिली बघतो.

खरी गोष्ट उरलेल्या डीसीच्या लॉगमध्ये होती: इव्हेंट ४०१२. साठ दिवसांहून जास्त काळ संपर्क तुटला की डीएफएसआर शिळा डेटा पसरू नये म्हणून ते फोल्डर थांबवतं. म्हणजे मुख्य सर्व्हर पडण्याच्या कितीतरी आधीपासून इथलं सिसव्हॉल गोठलेलं होतं, आणि मी तो लॉग कधी उघडलाच नव्हता. मधल्या काळात केलेल्या ग्रुप पॉलिसी (मशीन आणि युजरना लागू होणारे नियम) डिरेक्टरीत दिसत होत्या, त्यांचे फोल्डर मात्र इथे नव्हतेच.

हे फोल्डर आधी आणणं सगळ्यात महत्त्वाचं. ऑथोरिटेटिव्ह सिंक (एका डीसीची प्रत खरी मानून बाकीच्यांना देणं) आधी केलं असतं, तर अर्धवट सिसव्हॉलच प्रमाण ठरलं असतं. गेलेल्या सर्व्हरच्या सिस्टिम स्टेट बॅकअपमधून सिसव्हॉल वेगळ्या जागी रिस्टोअर केलं, एकेक जीयूआयडी (पॉलिसीचा ओळख क्रमांक) जुळवून नसलेले फोल्डर कॉपी केले. मग डिरेक्टरीतल्या सेटिंग थेट बदलणाऱ्या एडीएसआय एडिटमध्ये दोन्ही डीसींवर एमएसडीएफएसआर-एनेबल्ड 'फॉल्स' केलं, उरलेल्या डीसीवर एमएसडीएफएसआर-ऑप्शन्सला १ दिला (म्हणजे याचीच प्रत प्रमाण), रेप्लिकेशन होऊ दिलं आणि आधी त्याच डीसीवर 'ट्रू' केलं. 'डीएफएसआरडायग पोलएडी' (डिरेक्टरीतल्या सेटिंग लगेच वाच) दिल्यावर इव्हेंट ४६०२ आला, म्हणजे ही प्रत प्रमाण ठरली. मग नव्यावर 'ट्रू', आणि थोड्या वेळाने ४६०४, म्हणजे तिथलं पहिलं सिंक पूर्ण.

पुन्हा 'नेट शेअर' मारलं. नेटलॉगॉन आणि सिसव्हॉल, दोन्ही ओळी आल्या.