शाकोन ऐकण्याची नोंदवही, नोंद ४: मात्रा मोजून

सध्या काम चालू आहे ते जर्मन संगीतकार बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या डी मायनर (षड्ज डी, गंधार कोमल) पार्तितातल्या, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिकेतल्या (बाख-सूचीत बीडब्ल्यूव्ही १००४, हस्तलिखित १७२०), शाकोनवर. शाकोन म्हणजे एकाच छोट्या स्वरक्रमावर पुन्हा पुन्हा रचलेले बदल.

मोजणी पहिल्याच आवाजाला घसरते. ठेका तीन मात्रांचा, पण रचना उठते दुसऱ्या मात्रेवर. पहिल्या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्याला) ‘एक’ म्हटलं की पुढचं सगळं सरकतं आणि वजन भलत्याच जागी पडतंय असं वाटत राहतं. समेआधी उठणारा मुखडा ज्यांच्या कानात आहे त्यांना हे लगेच उमगेल: दोन, तीन, मग सम. दुसरी मात्रा इथे मुद्दाम जड आहे, साराबांद या संथ नृत्यासारखी.

एकूण बार (तीन-तीन मात्रांची आवर्तनं) २५७, म्हणजे साधारण ७७० मात्रा. १४ मिनिटांत संपलं तर मिनिटाला ५५, १२ मिनिटांत संपलं तर ६४. मेजर (शुद्ध गंधाराचा) भाग १३३व्या बारला उघडतो, २०९व्याला पुन्हा मायनर. लय एकसारखी राहिली तर १४ मिनिटांच्या मुद्रणात या जागा ७:१२ आणि ११:२० च्या आसपास येतात. पहिली जागा उशिरा आली तर वादकाने आधीच्या मायनरमध्ये जास्त वेळ घेतला, हे घड्याळावरच दिसतं.

८९व्या बारपासून १२०पर्यंत बाखने बहुतेक नुसते कॉर्ड लिहून ‘आर्पेज्जो’ (कॉर्डचे सूर एकामागून एक) एवढाच शब्द टाकला आहे. गज कसा फिरवायचा ते वादकाचं. दोन मुद्रणं शेजारी ठेवायची तर हेच ३२ बार ठेवावेत. वादकाची सगळी समज इथे उघडी पडते. वरच्या सुरांच्या मागे जाऊ नका, खालचा सूर धरा. तो हरवला की उरते नुसती सळसळ, आणि फार घुमणाऱ्या चर्चमधल्या मुद्रणांत तो हरवतोच.

चार तारांचा कॉर्ड एकदम वाजत नाही, कारण घोडी वक्र असते. कोणी दोन-दोन तारा तोडून घेतं, कोणी खालून झरकन वर येतं. व्हायोलिनवादक एमिल टेलमानींनी १९५४ मध्ये खास वाकडा गज वापरून चारही तारा एकत्र वाजवल्या. ऐकाच, पण बरोक काळात, म्हणजे बाखच्या काळात, तसा गज होता असं समजू नका.

सुराची खात्री पेटीवर करावी. व्हायोलिनवादक मिल्स्टाइनच्या १९७३च्या मुद्रणात षड्ज पांढरी दोनला लागतो. व्हायोलिनवादक रेचल पॉजरच्या मुद्रणात ए ४१५ (‘ए’ सूर आजच्या ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झला) असल्याने काळी एकला. मात्र तबकडी सहा टक्के हळू फिरली तरी सूर तेवढाच उतरतो, म्हणून आधी टर्नटेबलची गती तपासा. अ‍ॅपवर क्रॉसफेड (एक तुकडा दुसऱ्यात मिसळणं) बंद हवा, नाहीतर आधीच्या जीग या नृत्याचं शेपूट पहिल्या कॉर्डवर चढतं. दोन्ही मुद्रणांचा आवाज सारखा करूनच तुलना करा. जे किंचित मोठं लागतं तेच चांगलं वाटतं.

पुढची नोंद संगीतकार बीबरच्या पासाकाल्यावर, म्हणजे शाकोनसारख्याच रचनेवर: सा, कोमल नी, कोमल ध, प, एवढेच चार सूर ६५ वेळा.