दहा बाय आठचा रॉकी

बेळगावच्या शहापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे, पण पोट भरतं ते फ्लेक्सवर. वाढदिवसाच्या सगळ्या पोज मला पाठ झाल्यात. डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल, नाहीतर घड्याळ दिसेल असा जोडलेला नमस्कार. त्यामुळे येळ्ळूरचे एक मामा "दहा बाय आठ, वाढदिवसाचा" म्हणाले तेव्हा मी मान वर न करताच विचारलं, "फोटो आणलाय?"

"तुम्हीच या की काढायला. तो दुकानात मावायचा न्हाई."

उत्सवमूर्ती म्हणजे शर्यतीचा बैल. नाव रॉकी, २०१८ च्या कन्नड 'केजीएफ'मधल्या यशच्या पात्रावरून ठेवलेलं. घरात मराठी आणि गोठ्यात कन्नड सिनेमा, आमच्याकडे याचं कुणाला नवल नाही. (भांडण दुकानांच्या पाट्यांवरून होतं. ६० टक्के कन्नडचा २०२४ चा कायदा आल्यापासून गिऱ्हाईक माझ्याकडे टेप घेऊन येतं.) मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी देणारे कायदे कायम ठेवले, तेव्हापासून माझ्याकडे बैलांच्या ऑर्डरी माणसांशी बरोबरी करूलालेत.

बैलाचा फोटो जवळून काढू नये. मोबाइल तोंडासमोर धरला की नाकाचा ढब्बू होतो आणि शिंगं मागं पळतात. मी लांबची लेन्स लावून पंचवीस पावलं मागं सरलो. पाठीमागं राजहंसगड, कोवळं ऊन, फेटा बांधलेले मामा. सगळं जमलं होतं, फक्त रॉकी उभा राहीना. बैलाचे डोळे दोन बाजूंना; तो तुम्हाला बघत असतो, तुमच्या वाट्याला मात्र एकच डोळा येतो. तासाभरात माझ्याकडे शेपटीचे उत्तम फोटो जमले.

मग मामी पेंडीची बादली घेऊन आल्या. त्याच्या हनुवटीखाली हात घातला, काहीतरी पुटपुटल्या. रॉकीचे कान पुढं आले, मान वर झाली आणि तो पुतळ्यासारखा थांबला. मला अकरा फोटो मिळाले. अकराही फोटोंत हनुवटीखाली हिरव्या बांगड्यांचा हात.

"हात तेवढा काढून टाका," मामा म्हणाले, "आणि गॉगल घाला."

रात्री फ्लेक्सला बसलो. शुभेच्छुकांचे तेवीस फोटो व्हॉट्सॲपवर आले होते, पोस्टाच्या तिकिटाएवढे. तेवीसही पुरुष, त्यातला एक जण दोन शर्टांत दोनदा. खाली कन्नड दोस्तांसाठी 'नुडी' या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या दोन ओळी. त्या कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, बदलल्या नाहीत तर छपाईच्या मशीनवर नुसता एबीसीडीचा चिवडा होतो, हे मी एकदा स्वतःच्या पैशानं शिकलोय. गॉगल घातला. मग हाताकडे वळलो. हात खोडला की जबडाही जात होता. तो नव्यानं रंगवून जोडावा लागला असता. जमलं असतं. पण अकरा फोटो कुणामुळे मिळाले ते मला ठाऊक होतं. रात्रीचे दोन वाजले होते. फाइल तशीच मशीनला सोडली.

वेशीत फ्लेक्स लागला आणि मामांचा फोन आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीनं उचलला.

"शेजारच्या गावचा बैलवाला आलाय बघा इथं. त्याला बी तसलीच डिझाईन पायजे म्हणूलालाय. हनुवटीला बांगड्यांचा हात." मग जरा थांबून, "त्याच्या बायकोला बैलाचं भ्या वाटतंय. आमच्या हिचाच हात लावला तर चालतंय न्हवं?"