पिशवीत मावेल असं चित्र

बेळगावात स्टेशन किंवा सीबीटी बसस्थानकाच्या आसपास रात्र काढणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींसाठी आर्ट थेरपीचं, म्हणजे चित्रांतून मन मोकळं करण्याचं, सत्र घ्यायचं ठरलं, की बहुतेक जण पहिला विषय देतात 'माझं घर'. तो देऊ नका. घरातून हाकललेलं किंवा मार खाऊन पळालेलं पोर तिथंच कागद उलटा करतं आणि पुढच्या वेळी फिरकत नाही. त्यापेक्षा कागदभर एक रेघ मनाला येईल तशी फिरवायची, त्यातून तयार झालेले आकार रंगवायचे. 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्यालाही हे जमतं. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं एकत्र असली तर सांगत बसू नका, करून दाखवा.

आधी खायला द्या. उपाशी पोटी कसली थेरपी? सहा ते आठ जण, दोन मोठी माणसं, तासभर, दर आठवड्याला तोच वार आणि तीच जागा. दार उघडं ठेवा आणि भिंतीला पाठ लावून बसता येईल अशी मांडणी करा. रस्त्यावर झोपणाऱ्याला पाठीमागे कुणी उभं राहिलेलं सोसत नाही.

सामानात पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर, वासाचे मार्कर अजिबात नकोत. नशेसाठी हुंगायची सवय असलेली मुलं गटात असू शकतात, आणि डबी गायब झाली की संशय सगळ्यांवर जातो. चिकटवायला मैद्याची खळ करा: एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळायची. दुसऱ्या दिवशी ती आंबते, म्हणून दर सत्राला ताजी. रंगांत तेलखडू बरे. पाण्याचे रंग सुरुवातीला नकोत; ओघळले की हात आवरत नाही आणि आधीच बिथरलेलं पोर आणखी चिडतं.

खरी अडचण चित्र झाल्यावर येते. ते ठेवायचं कुठं? मोठा कागद फूटपाथवर एक रात्र टिकत नाही. म्हणून ए-थ्री कागदाची वही करावी. कागद आधी लांबीत दुमडून उघडा, मग रुंदीत दोनदा दुमडून उघडा. आठ चौकोन पडतील. आता रुंदीत एकदाच दुमडा आणि दुमडलेल्या कडेकडून मधल्या घडीवर फक्त पुढच्या घडीपर्यंत कापा. उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, आठ पानांची वही तयार. पोस्टकार्डाएवढी, पिशवीत मावते. कात्री कडेपर्यंत गेली की कागदाचे दोन तुकडे होतात. हे हमखास घडतं, चार कागद जास्तीचे ठेवा. वही न्यायची, तुमच्याकडे ठेवायची की फाडायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं. फाडली तरी हळहळू नका. ज्यांच्याबद्दल सगळं दुसरेच ठरवतात त्यांच्या हातात एवढं तरी राहू द्या.

काळा रंग म्हणजे नैराश्य, डोळे मोठे म्हणजे भीती, असले ठोकताळे आम्हाला साफ नामंजूर आहेत. खडूंच्या डबीत काळाच तेवढा शिल्लक असू शकतो! आर्ट थेरपीतल्या एडिथ क्रेमर यांनी 1950च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक शाळेत मुलांबरोबर काम केलं. त्यांचा भर चित्राचा अर्थ लावण्यापेक्षा ते घडवण्यावर होता. 'हे काय आहे?' ऐवजी 'याबद्दल काही सांगायचंय?' एवढंच विचारा. नाही म्हणाले तर नाही.

खानापूरची माती मिळाली तर मोह होतोच. माणशी अर्धा किलो पुरते. पुरती सुकली नाही तर भट्टीत फुटते, जास्त पाणी घातलं तर सुकताना तडकते. जून ते सप्टेंबर मात्र माती नकोच, इथल्या पावसात ती आठवडाभर ओलीच राहते.

प्रदर्शन, बक्षीस, फेसबुकवर फोटो, तिन्ही टाळा. अठरा वर्षांखालचं निराधार मूल भेटलं, तर बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे 24 तासांत कळवावं लागतं. 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करा. लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, तक्रार बंधनकारक आहे. हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगा, नाहीतर 'गुपित ठेवतो' म्हणून फसवल्यासारखं होतं. चित्रकला शिक्षक सत्र छान घेईल, उपचार करणार नाही. जीव द्यायची भाषा ऐकू आली तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा आणि जिल्हा रुग्णालयात त्या पोराबरोबर जा, नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका.